कमरेएवढ्या पाण्यात

भाड्याच्या कयाकसोबत मी देते
वल्हं एक, जाकीट एक, शिट्टी एक,
आणि एकदा उलटं होणं, फुकट.
हे शेवटचं कुणालाच नको असतं.

"आम्ही काठाकाठानंच जाणार," तो गृहस्थ म्हणाला,
डुलुथहून आलेला, सोबत बायको, दोन मुली, डब्यात सँडविचं.
"तासभर फक्त. आम्ही काही शर्यतीतले नाही."
मी सुपिरियरकडे पाहिलं. तळं म्हणायचं आपलं,
पलीकडचा काठ दिसत नाही त्याला.
जुलै महिना, वर ऊन भाजतंय,
आणि पाणी अजून एप्रिलमध्येच आहे.

पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही
असं ज्यानं म्हटलं, त्याचं पाणी कोमट असणार.
इथे पडलं की आधी श्वास जातो,
भीतीनं नाही, आपोआप, उचकी लागावी तसा.
मग बोटं.
बोटं गेली की आपल्याच जाकिटाचं बक्कल
परक्याचं वाटायला लागतं.

किती शिकायला हवं, असं विचारतात मला.
खरं सांगू? मला माहीत नाही.
वेइको लाह्ती अकरा तऱ्हांनी कयाक सुलटी करायचा,
हिवाळाभर शाळेच्या तरणतलावात घोटून घोटून.
ऑक्टोबरात एका सकाळी निघाला,
कारण त्याला येत होतं.
कयाक तेवढी सापडली आम्हाला.
सुलटीच होती.

आणि हिल्मा. अडुसष्ट वर्षांची, गुडघे कामातून गेलेले,
तिला एकही तऱ्हा येत नाही.
ती धक्क्यावर येते, टपाल कचेरीवरच्या झेंड्याकडे बघते,
"आज नको," म्हणते,
आणि गाडीत बसून थर्मासमधली कॉफी पिते.
तेवीस उन्हाळे हेच.
कधी कधी जातेही.

हे तासाला किती डॉलरनं शिकवू?

माझंच सांगते. धक्क्यापासून तीस हात,
वाऱ्याचं नाव नाही,
मागे वळून कुणाला तरी हात केला आणि झालं.
जाकीट होतं की! सीटमागे,
दोरीनं नीट बांधून ठेवलेलं.
माझ्या डाव्या करंगळीला अजूनही
थंडी इतरांच्या आधी कळते.

कागदावर सही मात्र सगळे करतात,
न वाचता, पेन परत देताना हसून.

"आधी मी," धाकटी म्हणाली. नऊ वर्षांची, मॅरिट.
आई काही बोलली नाही, बाप घड्याळाकडे बघत राहिला.
कमरेएवढ्या पाण्यात मी तिला उलटी केली,
हात तिच्या पाठीशी, मनात मोजत:
एक. दोन.
मग कयाकच्या बुडावर आतून तीन थापा,
शिकवल्या होत्या तशा,
घाई नाही, कुणी दार उघडेल अशा खात्रीनं.
बाहेर आली ती ओठ निळे आणि "परत!" ओरडत.

बापाला तेवढ्यात पुरे झालं.
पुढच्या खाडीवर असलं काही करायला लावत नाहीत,
हे त्याला फोनवर सापडलं होतं.
मी पैसे परत केले. मुलीला टॉवेल दिला,
तो तिनं जाताना घडी करून ठेवला.

चार वाजता झेंड्यानं तोंड फिरवलं.
मी वल्ही मोजली. जाकिटं मोजली.
पुन्हा वल्ही मोजली.
गिऱ्हाईक आलं तर "आज नको," म्हटलं,
कारण विचारलं तेव्हा झेंड्याकडे बोट दाखवलं,
त्यांना झेंड्यात झेंडाच दिसला.

साडेसहाला त्यांची करडी गाडी रस्त्यावरून गेली.
चारही डोकी मी मोजली, एक दोनदा.
मागच्या काचेवर मॅरिटनं तीन थापा मारल्या,
पण हसली नाही.
केस ओले होते तिचे.

माझ्याकडे भिजलेले
दुपारीच वाळायला हवे होते.